दिवा टाकून दिली

"अगं, लगेच ये. वर्दीतच ये. आणि आल्यावर मला ओळख दाखवू नकोस."

एवढं बोलून सासूबाईंनी फोन ठेवला. फौजदारबाई हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिल्या. चोरांचे, चोरी झालेल्यांचे आणि चोरी झाली असं भासवणाऱ्यांचे फोन त्यांना रोजच येत. घरच्या माणसाचा असा फोन मात्र पहिलाच. सासूबाईंचा आवाज कापत होता. एरवी तो समोरच्याला कापत असे.

वाचनालय बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तोंडाशीच ग्रंथपाल उभे होते. सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला, चेहऱ्यावर कायम कुणीतरी पुस्तकाचं पान दुमडल्याचं दुःख.

"या. तुमच्या सासूबाई आत आहेत," ते म्हणाले.

ओळख न दाखवण्याचा बेत तिथंच आटोपला.

"काय गेलंय?"

"पुस्तक."

"वाचनालयातून पुस्तक गेलं म्हणून पोलीस?"

"साधं पुस्तक नाही, बाई. त्याची दुसरी प्रत उरलेलीच नाही. संध्याकाळी आमचा शिफारशीचा कार्यक्रम आहे. सभासद आपापल्या आवडत्या लेखकाचं पुस्तक आणतात, थोडं वाचून दाखवतात, बाकीच्यांना वाचायला सांगतात. तुमच्या सासूबाई हेच पुस्तक वाचणार होत्या. आणि सकाळी कपाटाची किल्ली घेऊन गेल्या त्याही तुमच्या सासूबाईच."

शेवटचं वाक्य त्यांनी जमिनीकडे बघत उच्चारलं, पण उच्चारलं अगदी स्पष्ट.

आत लांबलचक दालन होतं. भिंतींना कपाटं, मधे टेबलं, खिडकीशी एक वेगळा शेल्फ, त्यावर 'वाचकांची शिफारस' अशी पाटी. शेल्फवर एकाच कादंबरीच्या कितीतरी प्रती ओळीनं उभ्या होत्या : 'दिव्याची बाई'. वर काचेच्या चौकटीत त्याच कादंबरीतलं एक वाक्य मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं :

'तेव्हापासून त्या घरात दिवा विहिरीत टाकून दिली.'

फौजदारबाईंनी ते दोनदा वाचलं. छपाईची चूक असावी, असं मनाशी म्हणून त्या पुढं गेल्या.

खिडकीशी सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, आणि ती दोन्ही हातांनी कवटाळलेली. त्यांच्या शेजारी काळा चष्मा लावलेल्या एक वृद्ध बाई होत्या. या निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. हरवलेली कादंबरी त्यांची होती, 'कुलुपाआड'. तरुणपणी लिहिलेली, पहिली आणि शेवटची. छापून आली आणि लगेच छापखान्यात पाणी शिरलं, सगळा गठ्ठा भिजून लगदा झाला. घरची प्रत कुणीतरी वाचायला नेली ती नेलीच. उरली होती ती या वाचनालयातली. आता त्यांना दिसत नव्हतं. आपलं पुस्तक एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि सासूबाई ती पुरी करणार होत्या. दोघी रोज सकाळी बरोबर फिरायला जात.

दुसऱ्या बाजूला एक जाडसर गृहस्थ होते. जुन्या पुस्तकांचं दुकान चालवायचे. सभासद त्यांना रद्दीशेठ म्हणत आणि ते रागावत नसत. आणि दालनाच्या मधोमध उभे होते वाचनालयाचे अध्यक्ष, 'दिव्याची बाई'चे लेखक. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. ते उभे राहिले की खुर्च्या आपोआप त्यांच्याकडे वळतात असं वाटे.

"पोलिसांना बोलवायची गरज नव्हती," सर मऊ आवाजात म्हणाले. "तुमच्या सासूबाईंनीच हट्ट धरला. वय झालं की माणूस वस्तू उचलतो आणि विसरतो. त्यांनी पुस्तक परत करावं, विषय संपला. फक्त सभासदत्व ठेवता येणार नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला तसं सांगावं लागेल. नाइलाज आहे."

सासूबाईंच्या मानेवरची शीर ताठली. सासरे गेल्यापासून या बाईंचे दोनच आधार होते, घर आणि हे दालन. घरात सुनेच्या ड्युट्या. म्हणजे खरं तर एकच आधार. आणि संध्याकाळी भरल्या सभेत त्यांना चोर म्हणून इथून उठवणार होते. पण वर्दीतल्या माणसाला सासू नसते.

फौजदारबाईंनी ग्रंथपालांपासून सुरुवात केली.

"किल्ल्या किती आहेत?"

"एकच. माझ्या खुर्चीमागं खिळ्यावर असते."

"आज कुणी मागितली?"

"सकाळी तुमच्या सासूबाईंनी. संध्याकाळचा उतारा बघून ठेवते, म्हणाल्या. मी परत आलेली पुस्तकं लावत होतो. नंतर पाहिलं तर किल्ली पुन्हा खिळ्यावर."

"चोरी कधी कळली?"

"दुपारी. मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या हातात पुस्तक द्यावं म्हणून कपाट उघडलं, तर नाही."

"त्याआधी कपाट कुणी उघडलं होतं?"

"कुणी नाही. बाहेरचं माणूस त्या कपाटाला हात लावत नाही."

उत्तर झटक्यात आलं. खोटं वाटलं नाही, पण पुरतंही वाटलं नाही.

कपाट काचेचं, बुटकं. कुलूप शाबूत. आत दुर्मीळ पुस्तकांची एकच रांग. तपकिरी, विटक्या पाठी, मधेच एक लालभडक नवी कोरी पाठ. फौजदारबाईंनी एक पुस्तक बाहेर ओढायला पाहिलं. ते येईना. जोर लावला तर शेजारची दोन्ही घेऊन आलं.

"हे आवरलंय कुणी?"

"छे! उघडलं तेव्हा जसं होतं तसंच आहे," ग्रंथपाल म्हणाले.

फौजदारबाईंनी रांगेवरून बोट फिरवलं. कुठंही फट नव्हती. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

रद्दीशेठ विचारण्याआधीच बोलू लागले.

"माझ्यावर संशय असणारच. मी ते पुस्तक विकत मागितलं होतं, सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग?"

"मग हातात घेऊन बघितलं आणि नको झालं. कसली ती बांधणी! खालची कड इतकी छाटलेली, की पानांचे आकडेसुद्धा उडालेत. संग्राहक असला माल घेत नाहीत."

"आतलं काही वाचलंत?"

"मी पुस्तकं विकतो, बाई. वाचायला लागलो तर विकवणार नाहीत."

"हे तुम्ही संशय टाळायला सांगताय?"

"हो," रद्दीशेठ म्हणाले. "पण खरं आहे."

आता सासूबाई. फौजदारबाई त्यांना वर्तमानपत्रांच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावलं.

"आई, पुस्तक घेतलंत?"

"नाही."

"कपाट उघडलंत?"

"नाही."

"मग किल्ली कशाला नेलीत?"

"उघडायला."

"आणि?"

"उघडलं नाही म्हणाले ना एकदा!"

असली उत्तरं फौजदारबाईंनी पुष्कळ ऐकली होती. ती देणारे बहुतेक सगळे पुढं कबूल झाले होते. त्यांची नजर मांडीवरच्या पिशवीकडे गेली. आत चौकोनी काहीतरी होतं.

"पिशवीत काय आहे?"

"तू माझी झडती घेणार?"

"मी नाही घेतली तर दुसरा कुणी येऊन घेईल."

सासूबाईंनी पिशवी पुढं सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं. आत वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेलं पुस्तक होतं. या बाईंनी फौजदारबाईंना लग्नानंतर नोकरी सोडू दिली नव्हती, रात्रपाळीहून आल्यावर ताट वाढून ठेवलं होतं. आणि आता त्यांच्याच सुनेला कागद सोडवावा लागत होता.

कागद सुटला. आत 'दिव्याची बाई' होती. सासूबाईंची स्वतःची प्रत, कोपरे झिजलेली, पान न् पान खुणा केलेलं.

"हे लपवायचं काय कारण?"

सासूबाई भिंतीशीच बोलल्या. "दरवर्षी मी हेच वाचते. या वेळी मैत्रिणीसाठी तिचं वाचायचं ठरवलं. सकाळी कपाटासमोर बसले किल्ली घेऊन आणि आत बघायचाही धीर होईना. अगं, मैत्रिणीचं पुस्तक! आवडलं नाही तर? रोज सकाळी तिच्या शेजारून चालायचं आहे. तोंडावर खोटं बोलता येत नाही मला. तुझी भाजी खाताना तरी कुठं येतं?"

"म्हणून उघडलंच नाही?"

"नाही. म्हटलं, वाईट निघालं तर काहीतरी निमित्त सांगून हेच वाचेन. म्हणून घरून आणून ठेवलं होतं. तिला कळलं तर काय म्हणेल ती?"

कुठल्याही साहेबाला हे पटलं नसतं. फौजदारबाईंना पटलं. म्हणजे जवळजवळ पटलं. थोडीशी शंका उरलीच, आणि तिची त्यांना लाज वाटली.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "बाहेर भिंतीवर ते वाक्य आहे. 'दिवा टाकून दिली.' दिवा तो असतो ना? 'दिला' हवं."

सासूबाई वळल्या. या विषयावर त्यांचा रंग परत आला.

"ते मुद्दाम आहे! तीच तर गंमत आहे त्या कादंबरीची. त्या घरातली बाई हीच दिवा. म्हणून 'दिली'. मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलंय त्यावर. अशी तीन वाक्यं आहेत. पाठ असतात लोकांना." त्यांनी पुस्तकात बोट न घालताच म्हणून दाखवली. "'तिनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली बोलावणारं कोणी उरलं नव्हतं.' दुसरं ते भिंतीवरचं. आणि तिसरं, 'नवरा उंबऱ्यापाशी थांबला, पण त्याला आत लागलाच नाही.'"

"याचा अर्थ काय?"

"वाक्यं मोडलीत, कारण ती बाई मोडलीय. गोष्टही तिथं मागंपुढं होते. नवरा आधी मरतो आणि मग परत येतो. तुला नाही कळायचं."

फौजदारबाईंना खरंच कळलं नव्हतं. पण खटकलेली गोष्ट त्या सोडत नसत. शाळेत व्याकरणाच्या तासाला बसलेल्या छड्या अजून हाताला आठवत होत्या. 'दिली' म्हणजे टाकलेली वस्तू 'ती' असली पाहिजे. मग ती कोण?

बाहेर येऊन त्या सरांसमोर बसल्या.

"'कुलुपाआड' तुम्ही वाचलीय?"

"दुर्दैवानं नाही. हातातही घेतलेली नाही."

"अध्यक्ष असून?"

"इथं हजारो पुस्तकं आहेत, बाई. आणि त्या पुस्तकाचं नाव काढलेलंही मी कधी ऐकलं नव्हतं, तुमच्या सासूबाईंनी ते निवडेपर्यंत."

"तुमची ती तीन वाक्यं कशी सुचली?"

सर हसले. हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला असावा. "अशा गोष्टी सुचत नाहीत. उतरतात."

कुठून, हे त्यांनी सांगितलं नाही.

राहिल्या मास्तरीणबाई. त्या शांत बसल्या होत्या. ज्यांचं पुस्तक गेलं त्यांनीच आरडाओरडा केला नव्हता, हेही फौजदारबाईंना संशयास्पद वाटत होतं.

"तुम्हाला वाईट वाटलेलं दिसत नाही."

"वाईट वाटून घ्यायची सवय पूर्वीच झाली. पण तुझ्या सासूला चोर म्हणतात ना, त्याचा संताप येतोय."

"सरांची कादंबरी वाचलीत तुम्ही?"

"मला डोळे होते तेव्हा ते लिहीत नव्हते. ते लिहायला लागले तोवर माझे गेले. तुझी सासू वाचून दाखवते म्हणायची, पण मला मेलीला मत्सर वाटायचा. नको म्हणायचे."

"तुमच्या कादंबरीत काय आहे?"

"साधी गोष्ट. एक बाई नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घर सोडते. जाताना कुलूप लावते, किल्ली विहिरीत टाकते. पुढं नवरा परत येतो, दार बंद, आत कुणी नाही. शेवटी मरतो बिचारा. सरळ लिहिलंय सगळं. मला कुठं आडवळणानं लिहिता येतं? शाळेत शिकवणारी मी." त्या किंचित हसल्या. "ती प्रत बघितली असतीस तर मात्र सरळ वाटली नसती. बाइंडरनं दोन फर्मे खालीवर शिवले. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. पुढची आधी, मागची नंतर. एकाच प्रतीत झालं तसं. ती विकायची कशी? म्हणून दिली वाचनालयाला. फुकट."

फौजदारबाई उठल्या, पुन्हा बसल्या आणि सासूबाईंच्या पुस्तकातली खुणा केलेली पानं काढून बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांचा चेहरा बघून ग्रंथपालांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

संध्याकाळ झाली. सभासद आले, खुर्च्या भरल्या. कुजबुज आधीच पसरली होती. सासूबाईंच्या शेजारची खुर्ची कुणी घेतली नाही. मास्तरीणबाई चाचपडत आल्या आणि तिथं बसल्या.

सर उभे राहिले. "कार्यक्रमापूर्वी एक अप्रिय गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे..."

"त्याआधी मला दोन शब्द बोलायचेत," फौजदारबाई म्हणाल्या. "चोरीबद्दलच."

त्या कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पहिली गोष्ट कपाटाची. त्यातून एक पुस्तक गेलं, पण रिकामी जागा कुठंच नाही. रांग इतकी गच्च आहे, की एक ओढलं तर तीन येतात. याचा अर्थ एक पुस्तक गेलं तेव्हाच एक पुस्तक आलं. ग्रंथपाल, त्या रांगेत नवं कुठलं?"

"लाल पाठीचं," ग्रंथपाल म्हणाले. "सरांच्या कादंबरीची नवी आवृत्ती."

"ते आत कधी गेलं?"

"काल."

"कुणी ठेवलं?"

"सरांनी."

"मग मी विचारलं तेव्हा कपाट कुणी उघडलं नाही, असं का म्हणालात?"

ग्रंथपाल गोरेमोरे झाले. "मी म्हणालो, बाहेरचं माणूस नाही. सर म्हणजे... सर आहेत! जागा नव्हती खरं तर, पण ते म्हणाले, बसवतो. मला फडकं आणायला पाठवलं. आलो तोवर बसवलं होतं."

सभेत चुळबुळ झाली. सर शांतच होते.

"मी माझं पुस्तक ठेवलं. कुणाचं काढलं नाही. माझ्यासारख्या माणसाला एका विसरलेल्या कादंबरीचा काय उपयोग?"

"त्याकडेच येते. तुमच्या कादंबरीत तीन प्रसिद्ध वाक्यं आहेत. इथं सगळ्यांना पाठ आहेत. मला साहित्यातलं कळत नाही, पण भिंतीवरचं 'दिवा टाकून दिली' मला काही केल्या पचेना. मास्तरीणबाई, तुमच्या नायिकेनं कुलूप लावलं आणि किल्ली?"

"विहिरीत टाकून दिली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नवरा उंबऱ्यापाशी थांबला, पण त्याला आत?"

"बोलावणारं कोणी उरलं नव्हतं."

"आणि तेव्हापासून त्या घरात दिवा?"

"लागलाच नाही." मास्तरीणबाई वळल्या. "पण ही तर माझी वाक्यं आहेत. तुला गं कशी ठाऊक?"

"अर्धी भिंतीवर वाचली, अर्धी आईंनी म्हणून दाखवली. सरांच्या पुस्तकात ती तीनही आहेत. फक्त एकाचं धड दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला लावलंय."

"योगायोग!" सर म्हणाले. आवाज अजून मऊ होता, पण जरा चढला होता. "लेखकांना एकसारखं सुचू शकतं."

"एकसारखं सुचेल. पण चूक एकसारखी सुचत नाही. वाचनालयाच्या प्रतीत कुठल्या तरी दारुड्या बाइंडरनं दोन घड्या उलटसुलट शिवल्या होत्या. त्यामुळं जिथं घडी संपते तिथं वाक्य तुटतं आणि भलत्याच घडीतलं अर्धं त्याला येऊन चिकटतं. नुसता घोटाळा. काहीही अर्थ नाही त्याला."

"घोटाळा?" सर ताडकन म्हणाले. "अर्थ नाही? पान उलटल्यावर तो दिवा विहिरीत पडतो तेव्हा अंगावर काटा येतो! ती घडीची चूक नाही, बाईंनी मुद्दाम केलंय ते! इतकं धाडस कुणी..."

ते थांबले. उशीर झाला होता.

"कुठलं पान, सर?" फौजदारबाईंनी विचारलं. "तुम्ही तर ते पुस्तक हातातही घेतलं नव्हतं."

सरांनी खुर्चीची पाठ धरली आणि काळ्या चष्म्याकडे बघितलं.

"ती... खरंच चूक होती?"

"बाइंडरची," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी त्याच्याशी भांडलेसुद्धा होते."

सर हळूहळू खाली बसले. फौजदारबाईंना वाटलं, चोरी उघडी पडल्याचा धक्का या माणसाला एवढा बसलेला नाही, जेवढा हा बसलाय.

"पानांचे आकडे छाटले गेले होते," त्यांनी सभेला समजावून सांगितलं, "म्हणून यांना कळायला मार्ग नव्हता. यांनी माणसं बदलली, गाव बदललं, प्रसंग फिरवले. पण ती तीन वाक्यं सोडवेनात. ती जशीच्या तशी घेतली, आणि नेमकी तीच बाईंची नव्हती. पुस्तक इतकी वर्षं कपाटात होतं तोवर यांना भीती नव्हती, कारण ते कुणी मागत नव्हतं. आज ते मोठ्यानं वाचलं जाणार होतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला यांची कादंबरी पाठ होती. म्हणून काल ते काढलं. आणि आज सकाळी आईंनी किल्ली मागितल्याचं कळलं, तेव्हा आळ घालायला माणूसही आयता मिळाला. कुठं आहे पुस्तक?"

"माझ्या खोलीत. मानपत्रांच्या खाली."

ग्रंथपाल धावत गेले आणि एक बारकं, विटकं पुस्तक छातीशी धरून आले.

"जाळून का नाही टाकलंत?" रद्दीशेठनी विचारलं. खरंच नवल वाटून.

"हात होईना." सरांचा आवाज आता कुणाचाही असू शकला असता. "तरुणपणी इथंच त्या खिडकीत बसून वाचलं. त्यानंतर दुसरं कुठलंच पुस्तक मला इतकं आवडलं नाही. मुलाखतीत विचारायचे, आवडता लेखक कोण. दरवेळी कुणाचं तरी नाव सांगायचो. खरं नाव कधी घेता आलं नाही."

मास्तरीणबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"एक पत्र टाकायचं होतंत हो. पुस्तक आवडलं, एवढंच. मला वाटलं ते कुणी वाचलंच नाही. म्हणून मी पुढं लिहिलं नाही."

सरांनी चेहरा हातांत लपवला.

मग सासूबाई उठल्या. सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला चोर ठरवलंत ते एकवेळ विसरेन. पण त्या 'दिली'चा अर्थ मी इतकी वर्षं लोकांना समजावून सांगत होते, सर! सुनेलाही आज सांगितला. तो कुठल्या तोंडानं परत घेऊ?"

ग्रंथपालांनी खाली मान घालून सासूबाईंची माफी मागितली, सगळ्यांसमोर. सासूबाईंनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं.

"हे पुराव्यात जाणार ना?" त्यांनी सुनेला विचारलं.

"जाणार. तपासही दुसऱ्या साहेबांकडे जाणार, माझं नातं आहे म्हणून. पण पंचनामा करणारे अजून यायचेत."

सासूबाईंनी चष्मा पुसला, मैत्रिणीशेजारी बसून पहिलं पान उघडलं. चुकीच्या घड्यांपाशी आल्या की त्या थांबत, पुढं जाऊन बरोबर पान शोधत आणि मग वाचत. सुरुवातीला आवाज घाबरा होता. नंतर त्या ऐकणाऱ्यांना विसरल्या. मास्तरीणबाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. सर शेवटच्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते, आणि पोलीस आले तेव्हा तेही दारात थांबून ऐकू लागले.

परतताना सासूबाई जीपमध्ये सुनेच्या शेजारी बसल्या.

"एक विचारू?" बाजार ओलांडल्यावर त्या म्हणाल्या. "तुला क्षणभर तरी वाटलं का, मीच घेतलं म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. फौजदारबाईंनी गाडीचा वेग कमी केला.

"वाटलं. पिशवी उघडेपर्यंत नक्कीच. त्यानंतरही थोडंसं."

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. दिवे लागलेली दुकानं मागं पडत होती. त्या रागावल्या असाव्यात, असं वाटलं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "माझं माणूस म्हणून डोळे मिटले असतेस, तर मी आज चोर ठरले असते. मी एका माणसावर तसे मिटले होते. पान न् पान खुणा करून वाचलं त्याला, आणि एकदासुद्धा विचारलं नाही, की बाबा, हे असं कसं?"

फौजदारबाईंनी एक हात स्टिअरिंगवरून काढून त्यांच्या हातावर ठेवला. सासूबाईंनी तो तसाच राहू दिला.